नावाचा मालक की मुतवल्ली?

२४ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि न्यूयॉर्क कॉसमॉस यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. पावसाने मैदान ओलं होतं. पाहुण्यांकडून पेले, कार्लोस अल्बर्टो, किनालिया अशी मंडळी उतरली होती. कार्लोस अल्बर्टोंनी पहिला गोल केला, श्याम थापांनी तो लगेच फेडला. मग हैदराबादच्या मोहम्मद हबीब यांनी मोहन बागानला पुढे नेलं आणि शेवटी किनालियाच्या पेनल्टीवर सामना २-२ असा बरोबरीत सुटला. आपल्याकडे हा सामना पेलेंच्या नावाने सांगितला जातो, हबीबसाहेबांच्या नावाने जरा कमी.

पण आज मला खेळाडूंबद्दल नाही, त्या दोन संघांच्या नावांबद्दल लिहायचं आहे. पाहुणा संघ सात-आठ वर्षांत बंद पडला. त्याचं नाव मात्र पुढे विकलं गेलं, विकत घेतलं गेलं, अडवून धरलं गेलं. यजमान संघ बंद पडला नाही, तरी ४३ वर्षांनी त्याच्या नावापुढे दुसरंच नाव येऊन बसलं आणि समर्थकांना रस्त्यावर उतरावं लागलं. संघ म्हणजे नेमकं काय आणि त्याचं नाव कुणाचं, हा प्रश्न दोन्हीकडे आला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीच्या तासाला सामान्यनाम आणि विशेषनाम शिकवायचं, उर्दूच्या तासाला तेच इस्म-ए-नकिरा आणि इस्म-ए-मारिफा म्हणून शिकवायचं. ‘गाव’ कुणाचंही, ‘मिरज’ एकच. ट्रेडमार्कचा कायदा हे व्याकरणच बाजारात आणतो. एखादा शब्द एकाच्याच ओळखीचा झाला, की तो शब्द त्याचा. फुटबॉलमध्ये मात्र ही ओळख एकटा मालक तयार करत नाही. खेळाडू, गावातले लोक, तिकीट काढून पावसात उभे राहणारे प्रेक्षक, सगळे मिळून ती करतात. भांडण इथूनच सुरू होतं.

कॉसमॉसची कहाणी आधी पाहू. अमेरिकेत १९६८ मध्ये नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग सुरू झाली. १९७१ पासून त्यात न्यूयॉर्कचा एक संघ खेळू लागला. त्यामागे वॉर्नर कम्युनिकेशन्सचे स्टीव्ह रॉस होते, आणि नेसुही व अहमद एर्तेगून हे तुर्की बंधू होते. त्यांचे वडील मुनीर एर्तेगून वॉशिंग्टनमध्ये तुर्कस्तानचे राजदूत होते. अहमद यांनी अटलांटिक रेकॉर्ड्स ही कंपनी काढून कृष्णवर्णीय गायकांचं संगीत घराघरात नेलं. फुटबॉलचं वेड मात्र दोघा भावांना सारखंच. न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलचा ‘मेट्स’ नावाचा संघ होता, म्हणजे मेट्रोपॉलिटन्सचं लहान रूप. त्याच्यावर वरचढ म्हणून सरव्यवस्थापक क्लाइव्ह टॉय यांनी ‘कॉस्मोपॉलिटन्स’ हा शब्द धरला आणि त्याचं ‘कॉसमॉस’ झालं. ज्या शहरात इटालियन, जर्मन, तुर्की, लॅटिन अमेरिकी सगळे राहतात, त्या शहराला हे नाव शोभलंही.

१९७५ मध्ये पेले आले, पुढच्या वर्षी किनालिया, १९७७ मध्ये बेकेनबाउर आणि कार्लोस अल्बर्टो. १४ ऑगस्ट १९७७ रोजी जायंट्स स्टेडियममध्ये ७७,६९१ प्रेक्षक जमले. त्याच महिन्यात सिएटल साउंडर्सला हरवून कॉसमॉसने विजेतेपद मिळवलं. एकूण पाच वेळा हा संघ लीग जिंकला. पण इतर संघांना एवढा खर्च झेपला नाही. एकेक करून संघ बंद पडले, १९८४ चा हंगाम शेवटचा ठरला आणि पुढच्या वर्षी कॉसमॉसही थांबला.

इथून पुढची गोष्ट कागदांची आहे. संघ संपला, पण नाव, बोधचिन्ह, ट्रॉफ्या कुणाकडे तरी राहणारच. किनालियांनी शेवटी संघाचा ताबा घेतला होता. त्यांचे सहकारी पेपे पिंटन यांच्याकडे हे सगळं आलं. त्यांनी काय केलं? न्यू जर्सीत मुलांसाठी फुटबॉलची शिबिरं भरवली, तीही कॉसमॉसच्याच नावाने. वरवर पाहता छोटी गोष्ट. कायद्याच्या दृष्टीने मात्र तिला मोल होतं.

अमेरिकेच्या १९४६ च्या लॅनहॅम कायद्यानुसार ट्रेडमार्क टिकतो तो वापरावर. आज सलग तीन वर्षं नाव वापरलं नाही, तर ते सोडून दिलं असं प्रथमदर्शनी मानलं जातं. आपला १९९९ चा ट्रेडमार्क कायदाही तेच सांगतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण करता येतं. पण पाच वर्षं आणि वर तीन महिने नाव प्रत्यक्ष वापरात नसेल, तर कलम ४७ खाली कुणीही बाधित व्यक्ती ते नोंदवहीतून काढण्याचा अर्ज करू शकते. नुसतं कपाटात ठेवलेलं नाव पडीक जमिनीसारखं होतं. पिंटन यांच्या शिबिरातली मुलं त्या नावाने खेळत होती, म्हणून नाव वापरात राहिलं.

१९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू झाली. दहा संघ, आणि एकाचंही नाव जुन्या लीगमधलं नाही. चालकांना वाटत होतं, जुनी नावं म्हणजे बुडालेल्या धंद्याची आठवण. नवं दुकान नव्या पाटीने उघडावं. न्यूयॉर्कच्या संघाचं नाव ‘मेट्रोस्टार्स’ ठेवलं गेलं. पुढे कॉसमॉस या नावाला मागणी आली, पण पिंटन यांनी वर्षानुवर्षे नकार दिला. २००६ मध्ये एका शीतपेय कंपनीने मेट्रोस्टार्स विकत घेऊन संघाला आपल्या डब्यावरचंच नाव दिलं, ‘रेड बुल्स’.

लोकांची मागणी मात्र वेगळी होती. सॅन होजेचा संघ ‘क्लॅश’ म्हणून सुरू झाला आणि २००० पासून पुन्हा जुना ‘अर्थक्वेक्स’ झाला. २००५ च्या शेवटी मालकांनी संघ ह्यूस्टनला हलवला. पण एक शहाणपण केलं: नाव, रंग आणि विक्रम सॅन होजेतच ठेवले. २००८ मध्ये तिथे नवा संघ उभा राहिला तेव्हा त्याला आपलं नाव तयारच मिळालं. सिएटलमध्ये त्याच वर्षी नव्या संघासाठी मतदान घेतलं गेलं. पर्याय तीन होते, त्यात ‘साउंडर्स’ नव्हतं. लोकांनी रिकाम्या जागेत हातानं तेच नाव लिहिलं आणि सुमारे निम्मी मतं त्यालाच पडली. मालकांना ते मान्य करावं लागलं. २०११ मध्ये व्हँकुव्हर व्हाइटकॅप्स आणि पोर्टलँड टिंबर्सही जुन्या नावांनी वरच्या लीगमध्ये आले.

म्हणजे इतिहासाचं नाव नेहमी गोडच असतं असं समजू नये. सॅन होजेहून ह्यूस्टनला गेलेल्या संघाने आपलं नाव ठेवलं ‘ह्यूस्टन १८३६’. ते शहराच्या स्थापनेचं वर्ष. पण टेक्सास मेक्सिकोपासून तुटलं तेही त्याच वर्षी. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी आक्षेप घेतला, आणि एकही लीग सामना खेळण्याआधी, मार्च २००६ मध्ये ते नाव बदलून ‘डायनॅमो’ केलं गेलं. एकाची जयंती दुसऱ्याची जखम असू शकते, हे आपल्याला महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको.

सगळ्यात बोलकी गोष्ट फ्लोरिडातल्या टँपा बे रावडीजची. १९७५ मध्ये पहिल्याच हंगामात विजेता झालेला हा संघ. २०१० मध्ये तिथे नवा संघ सुरू झाला, त्याला साहजिकच जुनं नाव हवं होतं. पण टेक्सासमधली एक कंपनी पुढे आली. ती जुन्या संघांच्या नावांचे टी-शर्ट विकत होती आणि त्या नावांवर आपला हक्क सांगत होती. ज्या गावाने नाव मोठं केलं, त्या गावाच्या संघाला शेवटी ‘एफसी टँपा बे’ एवढ्यावर भागवावं लागलं. गॅलरीतले प्रेक्षक ‘रावडीज’ म्हणूनच ओरडत राहिले. डिसेंबर २०११ मध्ये संघाला नाव परत मिळालं आणि पुढच्याच वर्षी संघ लीगचा विजेता ठरला.

या भांडणात एक तांत्रिक बाब आहे, ती वाचकांनी लक्षात ठेवावी. ट्रेडमार्क वर्गवार नोंदवला जातो. कपडे पंचविसाव्या वर्गात येतात. शिक्षण, करमणूक आणि खेळ एकेचाळिसाव्या वर्गात. एका वर्गातली नोंदणी दुसऱ्या वर्गात आपोआप चालत नाही. म्हणून एकाकडे टी-शर्ट आणि दुसऱ्याकडे मैदान अशी वेळ येऊ शकते.

तिकडे पिंटन यांनी २००९ मध्ये कॉसमॉसचे हक्क इंग्लंडचे उद्योजक पॉल केम्सली यांच्या गटाला विकले. ऑगस्ट २०१० मध्ये पेलेंच्या तोंडून पुनरागमनाची घोषणा झाली. पण मैदानात उतरणारा मुख्य संघ नव्हता. होते ते कपडे, पोस्टर आणि आठवणी. पुढे सौदी अरेबियाची सेला स्पोर्ट ही कंपनी मालक झाली. २०१३ मध्ये कॉसमॉस खरोखर लीगमध्ये उतरला, तेही जुन्याच नावाने पुन्हा सुरू झालेल्या नॉर्थ अमेरिकन सॉकर लीगमध्ये. २०१३, २०१५ आणि २०१६ असे तीन वेळा जिंकला. तरी पैसा आटला. २०१७ मध्ये रोक्को कोमिसो यांनी तो विकत घेऊन वाचवला, पण त्याच वर्षी लीगचीच मान्यता अडकली आणि संघ पुन्हा थांबला.

याच कोमिसो यांनी २०१९ मध्ये इटलीचा फिओरेंतिना हा क्लब घेतला. तोही नाव हरवून बसलेला. २००२ मध्ये तो दिवाळखोर झाला, तेव्हा नव्या मालकांना ‘फ्लोरेंशिया व्हिओला’ अशा दुसऱ्याच नावाने खालच्या श्रेणीत सुरुवात करावी लागली. वर्षभराने पैसे मोजून जुनं नाव परत घेतलं गेलं. एकदा मेलेली दोन नावं एकाच माणसाच्या हाती आली, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

आता जरा युरोपात पूर्वेकडे. बुखारेस्टचा स्तेआवा हा क्लब १९४७ मध्ये रुमानियाच्या सैन्याने काढला. १९८६ मध्ये सेव्हिलला बार्सिलोनाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याचा गोलरक्षक दुकादाम याने चारही पेनल्टी अडवल्या आणि स्तेआवा युरोपचा विजेता झाला. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर फुटबॉलचा विभाग सैन्यापासून वेगळा झाला आणि पुढे गिगी बेकाली यांच्या ताब्यात गेला. २०११ मध्ये सैन्याने दावा लावला: नाव आमचं आहे. डिसेंबर २०१४ मध्ये निकाल सैन्याच्या बाजूने गेला. त्यानंतरच्या सामन्यात स्टेडियमच्या फलकावर घरच्या संघाचं नाव नव्हतं, तिथे ‘यजमान’ एवढाच शब्द होता. विशेषनाम जाऊन सामान्यनाम उरलं! २०१७ पासून तो संघ ‘एफसीएसबी’ म्हणून ओळखला जातो, आणि सैन्याने त्याच वर्षी चौथ्या श्रेणीत आपला वेगळा स्तेआवा उभा केला. खेळाडू एकीकडे, नाव दुसरीकडे. समर्थकांनी कुठे जावं? तेही दोन्हीकडे विभागले गेले.

इथे मला वक्फचा विचार आठवतो. वक्फमध्ये मालमत्ता एखाद्या कामासाठी कायमची बाजूला ठेवलेली असते. तिचा कारभार पाहणारा तो मुतवल्ली. तो दुरुस्ती करतो, हिशेब ठेवतो, भाडं गोळा करतो. पण ती त्याची नसते. ती त्याच्याकडे अमानत असते. क्लबचं नाव हे कायद्याच्या नजरेत खासगी मालमत्ता असेल, नीतीच्या नजरेत ते वक्फच्या जास्त जवळ आहे. ट्रेडमार्कच्या कायद्यात ज्याला व्यवसायाचा नावलौकिक म्हणतात, त्याला उर्दूत साख किंवा नेकनामी म्हणतात. नेकनामी ही लोकांनी दिलेली असते. मालक ती वापरू शकतो, वाढवू शकतो, घालवूही शकतो. एकट्याने तयार मात्र करू शकत नाही.

हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, त्याचं उदाहरण लंडनमध्ये आहे. विंबल्डन क्लब २००३ मध्ये शंभरेक किलोमीटर दूर मिल्टन कीन्सला नेला गेला. समर्थकांनी त्याआधीच स्वतःचा एएफसी विंबल्डन सुरू केला होता. पुढे २००७ मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबने जुन्या विंबल्डनच्या ट्रॉफ्या आणि त्या इतिहासावरचा दावा मर्टन या लंडनच्या भागाच्या स्थानिक परिषदेकडे सोपवला. दोन क्लबांच्या भांडणात आठवणींचा ताबा गावाकडे गेला. यापेक्षा चांगला मुतवल्ली कोणता?

आता आपल्या देशात येऊ. मोहन बागान म्हणजे १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या संघाकडून आयएफए शील्ड जिंकणारा क्लब. २०२० मध्ये एटीके या व्यावसायिक क्लबाच्या मालकांनी मोहन बागानच्या फुटबॉल विभागात ८० टक्के हिस्सा घेतला आणि संघाचं नाव झालं ‘एटीके मोहन बागान’. समर्थकांची मागणी एकच होती, एटीके काढा. तीन वर्षं बॅनर, बहिष्कार, मोर्चे चालले. मार्च २०२३ मध्ये संघाने आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री नाव बदलण्याची घोषणा झाली. आता तो ‘मोहन बागान सुपर जायंट’ आहे. म्हणजे पुढचं काढलं, मागे जोडलं. तरी आधी येतं ते मोहन बागान. ईस्ट बंगालमध्येही २०२१ च्या सुमारास गुंतवणूकदाराशी अंतिम करारावरून तिढा पडला. त्याच्या मुळाशीही क्लबचे हक्क कायमचे कुणाकडे जाणार, हाच प्रश्न होता.

तिसरा क्लब मोहम्मडन स्पोर्टिंग, स्थापना १८९१. १९३४ मध्ये कलकत्ता लीग जिंकणारा तो पहिला भारतीय संघ, आणि १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्यानेच ती जिंकली. १९४० मध्ये ड्युरंड कप घेतला आणि मुंबईत येऊन रोव्हर्स कपही नेला. त्याआधी १९३७ मध्ये मुंबईचा हाच कप बंगळुरू मुस्लिम्स या संघाने पटकावला होता; भारतीय संघाने तो जिंकण्याची ती पहिली वेळ. मोहम्मडनचं नाव सीमेपलीकडेही आहे. १९३६ मध्ये ढाक्यात याच नावाचा क्लब निघाला, आणि आज बांगलादेशातल्या मोठ्या क्लबांत तो गणला जातो. ट्रेडमार्क आपापल्या देशापुरता असतो. फाळणी झाली, सरहद्दी दोनदा बदलल्या, पण एक नाव दोन देशांत नांदतं आहे. २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहम्मडन आयएसएलमध्ये आला, तो गुंतवणूकदार घेऊन पण आपल्याच नावाने. बंगळुरू मुस्लिम्स मात्र आज किती जणांना ठाऊक आहे? एका नावामागे लोक, मैदान आणि कार्यालय राहिलं. दुसरं आता जुन्या विजेत्यांच्या यादीतच भेटतं.

म्हणून मला या सगळ्यातून निघणारा मुद्दा असा वाटतो: नावाचं रक्षण दोन गोष्टींनी होतं, वापराने आणि कागदाने. नुसता वापर असेल तर उद्या कुणी कागद घेऊन दारात उभं राहतं, जसं टँपात झालं. नुसता कागद असेल तर नाव दुकानात लटकतं, जसं कॉसमॉस काही वर्षं लटकला. पिंटन यांच्या शिबिरातली मुलं आणि सिएटलमधली हाताने लिहिलेली मतं, दोन्ही लागतात.

आपल्या गावागावांत जुन्या तालमी आहेत, उर्दू वाचनालयं आहेत, मोहल्ल्याचे क्रिकेट-फुटबॉल क्लब आहेत. त्यांची नावं साठ-सत्तर वर्षांच्या ढालींवर कोरलेली आहेत. कोल्हापुरात तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ खेळतात आणि पेठाच्या पेठा त्या नावांमागे उभ्या राहतात. पण अशा किती संस्थांचे कागद जागेवर असतात? संस्थापक वारले, विश्वस्त बदलले, धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल झाला का? नोंदणी प्रमाणपत्र कुणाच्या कपाटात आहे? शिवाय संस्था म्हणून नोंदणी झाली म्हणजे नावाचा ट्रेडमार्क मिळाला असं होत नाही. ते दोन वेगळे अर्ज आहेत आणि दोन वेगळी कार्यालयं.

काम मोठं नाही. जुने फोटो, ढाली, स्पर्धांची पत्रकं, वर्तमानपत्रांची कात्रणं एकत्र करून त्यांच्यावर तारखा लिहाव्यात, कारण नाव कधीपासून वापरात आहे याचा पुरावा तोच असतो. कार्यकारिणीच्या ठरावात संस्थेचं नाव, चिन्ह आणि रंग स्पष्ट लिहावेत. प्रायोजक आला तर त्याच्याशी करार करताना नाव वापरण्याची परवानगी द्यावी, नाव देऊ नये. आणि करार संपला की परवानगीही संपते, असं एक वाक्य त्यात घालावं. वर्षातून एकदा तरी त्या नावाने मुलं मैदानात उतरवावीत.

२०२५ मध्ये कॉसमॉसच्या आणखी एका पुनरागमनाची घोषणा झाली. या वेळी घर आहे न्यू जर्सीतल्या पॅटरसन शहरातलं हिंचलिफ स्टेडियम. एकेकाळी गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रवेश नसलेले कृष्णवर्णीय बेसबॉलपटू याच मैदानावर खेळत. वर्षानुवर्षे ओस पडलेलं हे स्टेडियम २०२३ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. पॅटरसनमध्ये पॅलेस्टिनी, तुर्की, बांगलादेशी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या पोरांना पेले माहीत असतील, कॉसमॉस कदाचित नसेल. त्या पोरांच्या तोंडी हे नाव बसलं तर ते टिकेल. नाहीतर कागद पुन्हा एकदा नवा मालक शोधत फिरेल.